मथीचा भराव

"मथे, दांडी पाड!" मामंजींनी हाक मारली. मी त्यांच्या शेजारी उभी होते, माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं. दुकानाच्या ओट्यावर आम्ही तिघं... मी, माझे सासरे आणि दगडू गाडीवान. पुढं रस्ता राहिलाच नव्हता, नदीच रस्त्यानं चालली होती. ऐन दुपार, आणि पाणी आमच्या गुडघ्यांना लागून दुकानात शिरत होतं. आमच्या पाठीमागची, दुकानाची भिंत भिजून फुगली होती, माळवदातून मातीचे गोळे डोक्यावर पडत होते. समोर, रस्त्याच्या पलीकडं, नाक्याच्या दांडीपाशी, मुरमाच्या उंच भरावावर माझी बहीण मथुरा उभी होती आणि तिच्या कमरेला मिठी मारून माझी लेक शांता. पोर माझी, पण जवळ तिच्या. हाक सासऱ्यांची, ती पण तिलाच. मरण समोर आलं की माणसाला देव आठवतो म्हणतात. माझ्या मनात आलं, इथंही हीच.

ती मथुरा गेल्या महिन्यात वारली. माझी धाकटी सख्खी बहीण, आणि सख्खी जाऊही, कारण दोघी बहिणी एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या. तिला ताप आला तसं शांता तेलगावहून, सासरची कामं टाकून, तिच्या उशाशी येऊन बसली. मला मागच्या साली ताप आला तेव्हा शांतानं जावयाच्या हाती औषधाची बाटली पाठवली होती. असो... आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. मथीला भस्म लावून डोलीत बसवलं तेव्हा ती अगदी नाक्यावर बसायची तशी दिसली, मान जरा उजवीकडं, आता कुणाला तरी टोमणा मारील अशी. वडवणीपासून माणसं आली. ज्यांच्या गाड्या तिनं जन्मभर अडवल्या त्यांचे नातू तिला माती द्यायला रांगेत उभे. माझ्या मैतीला एवढी माणसं येणार नाहीत, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

आमचं माहेर लिंबागणेशकडचं. लग्नात आईनं दोघींत मिळून एकच जातं दिलं. म्हणाली, एकाच घरात जाताय, एकत्र दळा. बीड-तेलगाव रस्त्यावर, वडवणीच्या अलीकडं, नदीकाठी आमच्या सासरचं किराणा दुकान होतं आणि मामंजींकडं रस्त्याच्या नाक्याचा गुत्ता होता. राज्य निजामाचं. दरसाल तहसिलीत नाक्याचा हर्रास व्हायचा. जो जास्त बोली बोलेल त्याचा नाका. गाड्यांकडून पट्टी घ्यायची, सरकारात भरणा करायचा, आणि पावसाळा सरला की रस्त्याचे खड्डेही गुत्तेदारानंच बुजवायचे. पट्टी भरण्यात जायची आणि खड्डे घरातून बुजवायचे, असा तो धंदा. तरी मामंजी सोडत नव्हते. गुत्तेदार म्हटलं की गावात मान होता.

नाक्यावर माझा दीर, म्हणजे मथीचा नवरा बसायचा. तो तापानं गेला. मथीला मूलबाळ नव्हतं. सगळ्यांना वाटलं ती आता माहेरी जाईल. मला तर वाटलंच... खरं सांगायचं तर मी तिचं गाठोडंही बांधून दिलं. तिनं ते काखेत मारलं आणि माहेरच्या वाटेला न लागता रस्ता ओलांडून नाक्याच्या खोलीत जाऊन बसली. मामंजींना म्हणाली, "गडी ठिवला तर त्यो निम्मं खाईल. मी खाऊन खाऊन किती खाईन?" मामंजी हसले. मी घरात आल्यापासून माझ्या कुठल्या बोलण्यावर ते हसल्याचं मला आठवत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही तेवढीच. मी थोरली, तरी नाका तिला.

जाताना तिनं जात्याची वरची तळी उचलून नेली. "खालची तुझी, वरची माझी," म्हणाली. नाक्याच्या दांडीला पाठीमागून वजन लागत होतं. खोलीपुढच्या खांबावर तोललेला लांब बांबू, त्याच्या जाड टोकाला दगड बांधला की तो आपोआप वर उभा राहायचा आणि पुढची दोरी ओढली की आमच्या ओट्याजवळ रोवलेल्या दुफाट्या खुंटाच्या बेळक्यात येऊन बसायचा. त्या जाड टोकाला तिनं आईच्या जात्याची तळी बांधली. खुंट्याच्या भोकातून दोरी ओवली की झालं. खालची तळी माझ्या चुलीजवळ बिनकामाची पडली. मी भांडले. ती म्हणाली, "आक्के, तू नवरा ठिवून घे, पोर ठिवून घे, अन् दगडपण ठिवतीस का?" विधवेचा हेवा कुणी करतं का? मी केला. मला नवरा होता, लेक होती, तिजोरीच्या किल्ल्या होत्या, आणि मी दुकानाच्या दारातून दिवसभर तिच्या नाक्याकडं बघत बसायचे.

कारण तिथं मजा चालायची. डोक्यावरच्या ओझ्याला पट्टी नव्हती, गाडीतल्या मालाला होती. म्हणून बायका नाका आला की खाली उतरायच्या, गाडीतलं पोतं डोक्यावर घ्यायच्या, दांडीखालून पलीकडं जायच्या आणि पुन्हा गाडीत टाकायच्या. मथी ओरडायची, "काय गं, नवरा गाडीत अन् पोतं डोक्यावर? नवऱ्याला घे डोक्यावर, पोत्यापरीस हलका हाय!" सगळी रांग हसायची, नवरा लाजून पट्टी टाकायचा. रिकाम्या गाडीला पट्टी माफ होती. दगडू गाडीवान रोज म्हणायचा, "माझी रिकामी हाय, मथाबाई." ही म्हणायची, "रिकामी कावून? तू हाईस की वर बसलेला. उतर, अन् टेकडीचं एक टोपलं मुरूम टाक हितं. पैसा नको, मुरूम दे." दगडूनं एकदा टाकलं, मग सगळ्यांनाच टाकावं लागलं. रिकाम्या गाडीमागं एक टोपलं. त्या साली पहिल्यांदा खड्डे फुकटात बुजले आणि भरणा जाऊन घरात काही उरलं. मामंजींच्या तोंडी जेवतानाही तिचंच नाव. मी वाढत होते.

मग मोजणीवाले आले. लाल-पांढरी निशाणं रोवत शेताशेतांतून गेले आणि गावात बातमी उठली की आगगाडी येणार. तुम्हाला आता त्याचं काही वाटणार नाही. बीडच्या कचेरीत तारीख असली की आमची माणसं बैलगाडीनं जायची, धर्मशाळेत मुक्काम करायची, तारीख पुढं पडली की तशीच माघारी. आगगाडी आली तर सकाळी न्याहारी करून जायचं आणि दिवेलागणीला घरी, रोजच्या रोज. टेसन कुणाच्या गावात होणार यावरून वडवणी आणि आमच्यात भांडण लागलं. त्यांनी अर्ज केला. आमच्या गावचं मत पडलं की अर्जानं काही होत नाही, ज्याचा भराव आधी तयार त्याचं टेसन. असं कुणी सांगितलं होतं, देव जाणे. पण मथीनं धरून ठेवलं. खड्डे बुजून उरलेला मुरूम ती निशाणाच्या रेघेत, नाक्यापासून टेकडीकडं टाकायला लागली. पाणी मारायचं, चोपायचं, पुन्हा टाकायचं. वर्षं गेली. निशाणं कुजली, भराव माणसापेक्षा उंच झाला. वडवणीची माणसंसुद्धा नाक्यावरून जाताना आमच्या टेसनासाठी टोपलं टाकून जायची, इतकी तिची जीभ.

मी मामंजींना म्हटलं, "एवढा मुरूम हाय तर आपल्या दुकानाचं जोतं उचला. नदी जवळ हाय." ते म्हणाले, "लोकांनी रस्त्याला दिलेला हाय. घराला न्हाई." जोतं उचललं असतं तर भिंत फुगली नसती, हे मी आजही म्हणते.

एकदा हैद्राबादकडचे मोठे साहेब मोटारीतून आले. नाक्यावर उतरून भरावाकडं बघत राहिले. "ये पहाड़ कायकू बनाये बाई?" मी दुकानातून चहाची बशी घेऊन गेले होते, साहेबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मथी म्हणाली, "रेलसाठी, साहेब. तुमी फकस्त रूळ आना." साहेब हसले. "रेल कागज पे है बाई, जमीन पे नहीं." ही म्हणाली, "मग कागद तुमी करा, जमीन आमी करतो." ही गोष्ट पुढं बीडपर्यंत गेली. कुणी ना कुणी मला सांगायचं, तुमच्या बहिणीनं साहेबाला असं उत्तर दिलं. मी तिथंच होते, हातात बशी घेऊन, हे कुणाला माहीत नव्हतं.

शांता दिवसभर त्या भरावावर. जेवायला हाक मारली की वरून ओरडायची, "मावशीकडं जेवले!" बायका मला चिडवायच्या, "माय मरो पण मावशी उरो." म्हणीनं मन दुखतं असं कुणाला वाटत नाही.

पुराच्या दिवशी बाजार होता. वर डोंगरात कुठंतरी ढग फुटला असावा, आमच्याकडं ऊन होतं. पाण्याचा आवाज आला तसं मथीनं दांडी वर सोडली आणि रांगेतल्या गाडीवाल्यांना ओरडली, "पट्टी ऱ्हाऊ द्या, पळा!" गाड्या गेल्या. दगडू मात्र आमच्या दुकानात तंबाखू घेत होता, तो अडकला. नवरा माझा मालाला बीडला गेलेला. बघता बघता रस्त्यातून छातीभर पाणी, आणि ओढ अशी की म्हैस उभी राहिली नसती. दांडी आकाशात उभी, तिची दोरी पाण्यानं तोडून नेलेली. तेव्हा मामंजींनी ती हाक मारली... "मथे, दांडी पाड!"

तिनं शांताला सोडवून बाजूला बसवलं. खोलीतून विळा घेतला, दांडीच्या बुडाशी पाण्यात उतरली आणि आईची तळी ज्या दोरीला होती ती कापली. तळी पाण्यात गेली. वजन गेल्याबरोबर बांबू धाडकन खाली आला आणि ओट्याजवळच्या बेळक्यात बसला. तिकडं तिनं बूड पोटाखाली धरून ठेवलं. "आक्के, यी! हात सोडू नको, माझ्याकडं बघ!" दगडू आधी गेला, बांबू पेलतो का बघायला. मग मामंजींनी माझं मनगट सोडलं. "हो पुढं," म्हणाले. मला उद्देशून त्यांनी बोललेला तो शेवटचा शब्द, तेवढा मात्र माझा आहे. मी बांबूला लोंबकळत गेले. पाय जमिनीला लागत नव्हते. मथीनं माझा अंबाडा धरून मला भरावावर ओढलं, केस मुळासकट आले. मागं वळले तेव्हा भिंत आत न पडता बाहेर पडली, तिच्यामागं माळवद, आणि ओटा दिसेनासा झाला.

भराव हलला नाही. खालून थोडा खचला, पण इतकी वर्षं पाणी मारून चोपलेला मुरूम. आम्ही चौघं पाणी उतरेपर्यंत त्याच्यावर बसून होतो. शांता मथीच्या मांडीवर झोपली. मी म्हटलं, "माझ्याकडं दे." मथी म्हणाली, "झोपलीय, उठवू कशाला?" आणि दिली नाही.

आगगाडी आली नाही. निजामाचं राज्य गेलं, नाका उठला, दांडीचा बांबू कुणाच्या तरी गोठ्याला लागला. तळी गाळात सापडली होती, ती मथीच्या दारात. तिच्यावर बसून ती शेंगा फोडायची. आम्ही वरच्या आळीला घर बांधलं, मथी खाली नाक्याच्या खोलीतच राहिली. मी खाली गेले की तिला विचारायचे, "काय गं, तुझी गाडी लेट हाय वाटतं?" ती म्हणायची, "यीना का लेट. टेसन तयार हाय." एवढंच आमचं बोलणं, पण रोजचं. आता त्या बाजूला जायला मला काही कारण उरलं नाही.

तिचे दिवस झाल्यावर शांतानं गाडीत घालून तळी माझ्या दारात आणली. कडेला टवका गेलाय, खुंट्याच्या भोकात दोरीनं खाच पडलीय. खालची तळी मी पडक्या घरातून उकरून वर आणली होती, ती इतकी वर्षं माझ्या चुलीजवळच आहे. शांता म्हणाली, "आई, बसवून तर बघ जमतं का." मी म्हटलं, "काय करायचं बसवून? दळण गिरणीत होतं." तळी दारातच आहे. येणारी-जाणारी माणसं विचारतात, ही मथाबाईची का? मी सांगते, आमच्या आईची.

त्या दिवशी ओट्यावर आम्ही तिघं होतो, भरावावर त्या दोघी. मामंजी गेले. दगडू वाचला, शांता वाचली, मथी वाचली. आणि मी.