सरांचा तळहात

ताटातले मूग अर्धेच निवडून झाले होते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. निवडलेले मूग एका कडेला, खडे दुसऱ्या कडेला आणि मधे न निवडलेल्यांचा ढीग, असं ते ताट प्रेमबाईंनी तसंच पाटावर ठेवलं आणि पदर सावरत त्या उठल्या. आदल्या दिवशी संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा उपवासाचा दिवस, झाली होती. सकाळी मुगाच्या पाण्यावर उपवासाचं पारणं झालं होतं. परतूरमधले जैन एकमेकांच्या दारी जाऊन हात जोडत होते, वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणत होते. त्यांना वाटलं, तसंच कुणी आलं असेल.

दारात शीतल होती.

"काकू, ओळखलं का?"

"न ओळखायला काय झालं? पायरीवर चपला उलट्या काढणारी तू एकटीच."

शीतलनं खाली पाहिलं. चपला उलट्याच पडल्या होत्या. दोघी हसल्या. एकेकाळी या घरी शिकवणीला येणारी ही मुलगी आता वडीगोद्रीच्या शाळेत शिक्षिका होती. चार दिवस माहेरी आली होती, तेव्हा सरांना भेटून जावं म्हणून आली.

हुकमचंद सर बैठकीत खाटेवर बसले होते. पांढरा शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं, विंचरलेला भांग. हे सगळं प्रेमबाई रोज सकाळी करत. सरांनी शीतलकडे बघून मान हलवली, पण ती मान कुणासाठीही हलली असती.

घराण्याची धान्याची आडत, सगळे भाऊ मोंढ्याच्या बाजारात, आणि या एकट्यानं याच बैठकीत गणिताची शिकवणी काढली. "मारवाड्याच्या घरात मास्तर निपजला," असं थोरले काका येता-जाता म्हणायचे. सर हसून सोडून द्यायचे. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या मुलांना आकडे शिकवले. घरात बोली मारवाडी, पण गणित मात्र मराठीतच. हळूहळू प्रेमबाईही नवऱ्याला सरच म्हणायला लागल्या.

प्रेमबाईंची शाळा चौथीतच सुटली होती. पण बैठकीतला फळा ज्या भिंतीवर होता, तिच्या पलीकडे त्यांची चूल होती. पोळ्या लाटता लाटता त्यांच्या कानावर पडायचं, "अंकांची बेरीज करा. बेरजेला तीन जातो का? मंग आकड्याला पण जातो." नऊचंही तसंच. दोन जायला शेवटचा अंक सम पाहिजे, पाच जायला शेवटी शून्य नाहीतर पाच. पोरं एका सुरात म्हणायची आणि प्रेमबाईंचे ओठ भिंतीअलीकडून हलायचे. "फी न देता शिकून राह्यले मी," असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा सर कितीतरी वेळ हसत होते.

दोन वर्षांपूर्वी सर दूध आणायला गेले आणि रेल्वे फाटकापाशी उभे राहिले. घर कुठल्या बाजूला, तेच आठवेना. जालन्यातल्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि प्रेमबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "हे वाढत जाणार. पण ज्यात त्यांचं मन रमतं ते रोज करून घ्या. जेवढं टिकेल तेवढं टिकेल."

सरांचं मन कशात रमतं हे काय सांगायला पाहिजे? त्या दिवसापासून प्रेमबाईंचा नेम ठरला. पहाटे अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक, म्हणजे तोंडाला मुहपत्ती बांधून एका जागी धर्मध्यान. ती संपली की दूध, आणि दुधानंतर पाटी. त्या पाटीवर आकडा लिहायच्या आणि विचारायच्या. रोजच्या नेमाची जी वही होती, तिच्यातच खाली सरांचं उत्तर लिहून बरोबरची खूण नाहीतर फुली करायच्या. सरांच्या हातून स्वतःचं नाव हळूहळू सुटत होतं, मुलाचं, मयंकचं, सुटत होतं, पण तीन आणि नऊ पक्के होते. चारशे सतरा म्हटलं की सर पुटपुटायचे, "बारा. जातो." तेवढ्या एका क्षणाला त्यांचा चेहरा पहिल्यासारखा व्हायचा. प्रेमबाई त्या क्षणासाठी उठत होत्या म्हटलं तरी चालेल.

मग चारचा नंबर आला. चारचा नियम त्यांनी भिंतीपलीकडून कधी स्पष्ट ऐकलाच नव्हता. तिथं सर नुसतं "हे बघा" म्हणायचे आणि पोरं "हो सर" म्हणायची. तीनला बेरीज, नवाला बेरीज, तर चारलाही बेरीजच असणार, असं त्यांनी धरलं. पहिल्या दिवशी एकशे बारा दिला. बेरीज चार. सर म्हणाले, "जातो." दुसऱ्या दिवशी दोनशे चोवीस. बेरीज आठ. "जातो." प्रेमबाईंना खात्री पटली. तिसऱ्या दिवशी तीनशे सोळा होता.

"जातो," सर म्हणाले.

"बेरीज बघा की. तीन आन् एक चार, चार आन् सहा दहा. दहाला चार कुठं जातो?"

सरांनी पाटी ओढून घेतली आणि तीनच्या अंकावर तळहात ठेवला. "हे," ते म्हणाले. "एवढंच... हे."

"हात काढा. झाकून काय होतंय? आकडा तर तोच राहणार."

त्यांनी हात काढला नाही. शब्द शोधत राहिले. तो हट्ट आहे असं प्रेमबाईंना वाटलं. डॉक्टर म्हणालेच होते, हट्ट वाढेल. त्यांनी लहान मुलाचा हात उचलावा तसा तो हळूच उचलला आणि वहीत फुली मारली.

असं कितीतरी दिवस चाललं. सर हात ठेवायचे, त्या उचलायच्या. मग सर हात ठेवेनासे झाले. उत्तर देण्याआधी प्रेमबाईंच्या तोंडाकडे बघायला लागले. आणि एका सकाळी त्यांनी स्वतःच चारला बेरीज केली. "बराबर?" त्यांनी विचारलं. "बिलकुल बराबर," प्रेमबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी जैन स्थानकात, प्रार्थनेच्या जागी, जाऊन त्यांनी देवाचे आभार मानले.

आज शीतल खाटेजवळ स्टुलावर बसली होती. पाटी तिथंच पडली होती. सर काही बोलत नाहीत बघून तिनं ती मांडीवर घेतली आणि पेन्सिलीनं मोठा आकडा लिहिला.

"सर, माझ्या पोरांना मी अजून तुमच्यासारखंच शिकवते. पाच हजार सातशे छत्तीस." तिनं डावा तळहात पाच आणि सातवर ठेवला. नुसते छत्तीस दिसत राहिले. "पुढचं सगळं झाकायचं. शेवटच्या दोघांना चार गेला, की सगळ्याला गेला. फळ्यावर तुमच्या हाताचा खडूचा ठसा राह्यचा बघा. आम्ही तो पुसू द्यायचो न्हाई."

प्रेमबाई तिच्यासाठी पाणी घेऊन येत होत्या. त्या मधेच उभ्या राहिल्या.

"हात काहून ठेवला?" त्यांनी विचारलं.

"चारचा नियम हाय ना काकू. सर बोलून सांगतच नव्हते. हातानंच दाखवायचे."

प्रेमबाईंनी तांब्या खाली ठेवला. पाटी मागून घेतली, सगळं पुसलं आणि तीनशे सोळा लिहून चौथीतला भागाकार मांडला. चार साते अठ्ठावीस, उरले तीन. वरचे सहा खाली. चार नव्वे छत्तीस. बाकी काहीच उरली नाही.

त्यांनी वही आणली. शीतलनं ती पानं पाहिली आणि तिचं तोंड उतरलं. चारचे एकोणीस आकडे होते. पहिल्या तेरांत सरांचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं, आणि त्यातल्या अकरांवर फुली होती. शेवटच्या सहांवर बरोबरची खूण होती. त्यातली पाच उत्तरं चूक होती.

"त्यांना येत होतं," प्रेमबाई म्हणाल्या. "ते मला शिकवून राह्यले होते, आन् मी हात उचलत होते."

"काकू, तुम्हाला काय ठाऊक? आजारच तसा हाय. आज न्हाई तर उद्या गेलंच असतं."

"आजारानं नेलं असतं तर नेलं असतं. हे मी नेलं."

शीतलनं वही हळूच मिटली.

काल संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर, म्हणजे वर्षभराच्या चुका आठवून झाल्यावर, प्रेमबाईंनी सरांपुढेही हात जोडले होते. अजाणता काही घडलं असेल तर, असं सगळ्यांना म्हणतात तसं म्हटलं होतं. अजाणता काय घडलंय ते तेव्हा ठाऊक नव्हतं. आता त्या खाटेसमोर जमिनीवर बसल्या आणि पुन्हा हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम, सर."

सरांनीही सवयीनं हात जोडले. कशाची क्षमा, ते त्यांना कळलं नव्हतं.

प्रेमबाईंनी पाटीवर परत तीनशे सोळा लिहिले. या वेळी स्वतःचा तळहात तीनवर ठेवला आणि पाटी त्यांच्यासमोर धरली. सर त्या हाताकडे बघत राहिले. बोटांकडे, बांगडीकडे, मग उघड्या राहिलेल्या दोन अंकांकडे. त्यांचे ओठ हलले. शीतल पुढे वाकली.

"एक आन् सहा सात," सर म्हणाले. "साताला चार जात न्हाई." आणि बराबर का, म्हणून प्रेमबाईंच्या तोंडाकडे बघितलं.

प्रेमबाईंना हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. त्यांचा हात तसाच पाटीवर राहिला. थोड्या वेळानं सरांनी तो हात आपल्या हातानं बाजूला केला, अगदी हळू.

"नवीन हायेस का तू?" त्यांनी विचारलं. "वही न्हाई आणली?"

"न्हाई सर."

"चौकटीची घेऊन ये. पहिल्यापासून घेऊ."

"हो सर."

त्या उठल्या. खुंटीवरची पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या. पाटावर मुगाचं ताट तसंच होतं.

"शीतल, सरांजवळ जरा बसशील का? मी स्टेशन रोडवरून चौकटीची वही घेऊन येते."