न पाहिलेले तळवे

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. माझ्या वहीत सगळं लिहिलेलं असतं: आजची कामं, संपत आलेली औषधं, कोणाला फोन करायचा. हे एवढंच कधी लिहिलं नाही.

कारेगावच्या एका दवाखान्यात मी मधुमेहाच्या पेशंटची कोच आहे. दर महिन्याला साखर बघायची, खाण्यापिण्याचं बोलायचं, गोळ्या चुकल्या तर फोन करायचा, आणि सगळं टॅबलेटवर भरायचं. शेवटचा प्रश्न पायांचा. या आजारात पाय बधिर होतात, जखम झालेली कळत नाही. म्हणून तळवे डोळ्यांनी बघायचे. 'तपासले' अशी खूण केल्याशिवाय फॉर्म पूर्ण होत नाही. माझे फॉर्म सगळे पूर्ण असायचे. मीटिंगमध्ये कौतुक व्हायचं.

बबनमामा दौंडकडचे, इथे कंपनीत लोडिंगला. ड्यूटी सुटली की थेट यायचे, पायात जड सेफ्टी बूट. लेस धरून विचारायचे, "काढू का मॅडम? वास मारंल हां, आधीच सांगतो." बाहेर रांग असायची. मी म्हणायचे, "राहू द्या मामा, पुढच्या वेळी." आणि खूण करायचे. एकदाच? नाही — पाच महिने.

शेवटी शेवटी वास आलाही होता. घामाचा असेल, असं मला वाटलं. वाटलं, की मी तसं ठरवलं?

सहाव्या महिन्यात ते लंगडत आले. डॉक्टरांनी मोजा काढला, तर तो जखमेला चिकटलेला. पुण्याला नेलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

नंतर ते कुबड्यांवर आले, सोबत मामी. डॉक्टरांनी टॅबलेट बघितला. "पाच महिने पाय तपासलेत मामा, काही नव्हतं. मग तुम्हीच हयगय केली ना?"

मामी म्हणाल्या, "मी बी तेच म्हंते. स्वतःकडं बगायचंच न्हाई ह्यांना."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "व्हय. मॅडमनी दर टायमाला बघितलं. माजंच चुकलं."

ते असं का बोलले, मी कधी विचारलं नाही. तेव्हा खोलीत आम्ही चौघंच होतो. एक वाक्य बोलायचं होतं — मला ते येत होतं. मी टॅबलेट उचलला, दारात गेले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.