आमच्या कॉलेजचा फुकटातला सर्व्हर

आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये काम किती झालं ते देव जाणे, पण किस्से मात्र पोत्यानं जमले! परवा विलास भेटला, चहा मागवला आणि पोत्याचं तोंड सुटलं.

गोष्ट देऊळगाव राजातली. गावात इंटरनेट नुकतंच आलं होतं. कॉलेजची वेबसाईट हवी, तीही आपल्याच सर्व्हरवर, असं संस्थेचे अध्यक्ष दादासाहेबांनी ठरवलं. मी गणिताचा, विलास कॉम्प्युटरचा. काम दोघांच्या गळ्यात पडलं.

विलास म्हणाला, "सर्व्हरचं सॉफ्टवेअर विकतचं नको, फुकटचं घेऊ. त्याचा कोड साऱ्या जगाले दिसते."

दादासाहेब दचकले. "म्हणजे चोरालेही दिसते?"

"हाव. पण राखणाऱ्यालेही दिसते. भोक सापडलं का कोणीतरी बुजवते."

दादासाहेब मोठे शेतकरी. जरा विचार करून म्हणाले, "बरोबर हाय. सडकेच्या काठचं वावर कमी चोरीले जाते. येणारा-जाणारा पाहून राह्यते ना!"

मीटिंग संपली!

*

त्या सॉफ्टवेअरचं नाव अपाची. फिजिक्सच्या मुळे सरांनी विचारलं, "सर्व्हर कोणता टाकला?"

"अपाची."

"आपाची? आपा तर रिटायर झाले! त्यायले काऊन तरास देता बे?"

आपा म्हणजे आमचे जुने हेडक्लार्क. मग काय, "आपा हँग झाले", "आपाले रिस्टार्ट मारा" हेच सुरू! शेवटी खुद्द आपांच्या कानावर गेलं. ते आले, सर्व्हरच्या डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी नोकरीत असतानी इतका कधी तापलो नाही!"

*

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. दादासाहेबांनी एंटर दाबलं. आमची वेबसाईट काही उघडेना. सॉफ्टवेअरसोबत येतं ते चाचणीचं पान तेवढं पडद्यावर आलं. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, की सर्व्हर व्यवस्थित चालू आहे.

विलासला घाम फुटला. पाहुण्यांनी चष्मा लावून ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "वा! उगाच पाल्हाळ नाही. मुद्द्याचं तेवढंच!"

टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या!

*

विलासला हॅकरची फार धास्ती. देऊळघाटला सासुरवाडीला निघायच्या आधी त्यानं सर्व्हरची सगळी दारं बंद केली. वाटेत बुलढाण्याच्या सायबर कॅफेतून स्वतःच लॉगिन करायला गेला, तर आत जाता येईना. तसाच एसटीनं परत.

"काय झालं रे?"

"सर, सर्व्हर इतका सेफ झाला, का मलेच आत घेऊन नाही राह्यला!"

सासरे आठवडाभर रुसले होते म्हणे.

*

आणि मग तो अमेरिकेचा मामला.

एक दिवस विलास म्हणाला, "सर, कोणीतरी पाळत ठेवून हाय." अमेरिकेतून एकच जण रोज आमच्या वेबसाईटवर यायचा. दिवसातून कितीदा तरी. फक्त अध्यक्षांच्या मनोगताचं पान उघडायचा आणि निघून जायचा.

"अंदाज घेऊन राह्यला हा. उद्या हल्ला करन," म्हणत विलासनं त्याला ब्लॉक केलं.

त्याच आठवड्यात दादासाहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, कॉलेजात आल्या. त्या कधीच येत नसत.

"विलास, आमच्या सुधीरचा फोन आला होता अमेरिकेतून. वेबसाईटवर बाबांचा फोटो दिसून नाही राह्यला म्हणे. रडकुंडीले आला होता. बाबा बरे हायत ना, खरं सांग, म्हणे."

सुधीर वडिलांच्या मनाविरुद्ध परदेशी गेलेला. बापलेकांचं बोलणं कित्येक वर्षं बंद, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मागे वळलो, तर दारात दादासाहेब उभे! त्यांनी सगळं ऐकलं होतं.

विलास अडखळला. "दादासाहेब, ते सिक्युरिटीसाठी..."

"उघड बे ते," एवढंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः कॉम्प्युटर रूममध्ये हजर. दाढी केलेली, इस्त्रीचा कोट, डोक्यावर फेटा.

"तो फोटो लई जुना झाला. नवा काढा."

खिडकीजवळ खुर्ची टाकली. ते ताठ बसले. विलासनं कॅमेरा डोळ्याला लावला, तसा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"विलास," त्यांनी हळूच विचारलं, "तिकडं आता किती वाजले असतील बे?"