जित्याचं ओझं

मुंजाबाला कधी वजनकाटा लागला नाही. जन्म मेंढपाळाच्या बिऱ्हाडातला. लादलेल्या घोड्याच्या बरगडीवर तळवा टेकला, की जनावर किती नेईल ते त्याला कळायचं. म्हणूनच करमाडजवळच्या राजकुमारनं त्याला आपल्या पागेवर ठेवलं होतं.

राजकुमार लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचा. एका दिवसात ऐंशी किलोमीटर. माणूस दिलदार, पण खाण्यावर ताबा कधी नव्हता. खोगिरासकट शंभर किलोच्या वर भरायचा. त्याची घोडी हरणी मात्र अंगानं बारकी.

"मामा, नेईल ना ही मला?" शर्यतीआधी त्यानं विचारलं.

इथंच मुंजाबानं माती खाल्ली. मेंढपाळांकडं घोड्यावर भांडी, पीठ, मेंढरं कोंडायची जाळी सगळं तोलून लादतात आणि वर लेकरू बसवतात. लेकराचं वजन मात्र तोलात धरत नाहीत. धरलं तर लेकराला नजर लागते म्हणे.

"जित्याचं ओझं नसतंय, मालक," तो म्हणाला. "बसा बिनघोर."

साठाव्या किलोमीटरला हरणीचे मागचे पाय ताठले. शर्यतीवरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी खोगीर उतरवून पाठ चाचपली. एवढं वजन इतका वेळ हिला द्यायलाच नको होतं, म्हणाले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

राजकुमार ओक्साबोक्शी रडला. मुंजाबाला तो चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मुंजाबाला रडू आलंच नाही. त्यानं खड्डा खणला, पाग झाडली आणि सवयीनं तिच्या वाटणीचे हरभरे भिजत घातले. आत नुसतं बधिर झालं होतं. त्यानंतर कुठल्या घोड्याला हात लावला, तरी तळव्याला काही कळेना.

दिवाळीनंतर त्याच्या मुलाचं, अजिनाथचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन बिडकीनच्या अंगाला निघालं. मुंजाबाही सोबत गेला. मुंजाबाच्या बायकोनं, वच्छलाबाईनं घोडा लादला आणि रीतीप्रमाणं चार वर्षांच्या नातीला वर बसवलं. मुंजाबानं पोरीला उतरवून खांद्यावर घेतलं.

"आवो, खूळ लागलं का? लेकराचं कुठं वजन असतंय?" वच्छलाबाई म्हणाली.

तो चालू लागला. दोन कोसांवर त्याला धाप लागली. नातीनं वाकून विचारलं, "आबा, मी लई जड हाये का?"

"व्हय माय," तो म्हणाला, "लई जड हायेस."

मुक्काम येईस्तोवर त्यानं तिला खाली ठेवलं नाही.