मिस्टर वीस वेळा

“हसा बरं,” ते म्हणाले आणि मी हसलो.

समोरच्याने सांगितलं की करून मोकळं व्हायचं, ही माझी नोकरीतली सवय. बसवलेल्या दोन दातांसकट सगळे दात दाखवून हसलो. त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “तुमचं ब्येस हाय. वहिनी, आता तुमी.”

बाकावरचे सगळे पेशंट हसले. हसता आलं नाही ते एकट्या माझ्या बायकोला. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू महिनाभर झोपलेली होती.

मी कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क आहे. उसाची गाडी काट्यावर चढते, समोरचा आकडा हलतो, थांबतो, मी बटण दाबतो, ‘घ्या पुढं’ म्हणतो, गाडी पुढे जाते. पंचवीस वर्षं हेच. गेल्या हंगामात गाळप सुरू झालं त्याच आठवड्यात एका सकाळी चूळ भरताना हिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आपोआप गळायला लागलं. डोळा मिटेना, ओठ उजवीकडे ओढला गेलेला. मी म्हणालो, “वारं लागलं असेल. दुपारपर्यंत जाईल.” दुपारी मीच तिला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे धावत होतो.

“झटका नाही, तोंडाची नस सुजलीय,” असं सांगून डॉक्टरांनी गोळ्यांचा कोर्स दिला, डोळ्यात घालायला थेंब दिले. बहुतेकांचं महिन्याभरात सुधारतं, म्हणाले. गोळ्या संपल्या, महिना गेला. चेहरा होता तिथंच.

हे दुखणं कुणालाही वाईटच, पण आमची ही नकला करते. स्टेजवर नव्हे, भाजी निवडताना, लग्नघरी, कॉलनीच्या ओट्यावर. आठ वर्षांपूर्वी वारलेली माझी आई एक भुवई वर चढवून “हं?” म्हणायची. ती हिने केली की माझी बहीण एकाच वेळी हसते आणि डोळे पुसते. आमच्या कॉलनीचे चेअरमन मुलाकडे पुण्याला राहायला गेले, पण गाल फुगवून भाषण ठोकणारे चेअरमन हिच्यामुळे कॉलनीतच राहिले होते. त्या महिन्यात दोघंही नाहीसे झाले. ही पदर तोंडावर धरून बसायची. दारात कुणी आलं की आतून सांगायची, “झोपलेय म्हणा.” एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, “हे असंच राहिलं तर?” मी म्हणालो, “पीठ संपलंय का?”

कारखान्यावर एक ट्रॅक्टरवाला आहे. कंबरेतून पायात उतरणारी त्याची कळ एका माणसाने कमी केली होती. ट्रॅक्टरवाल्याने पत्ता दिला. स्टँडजवळ, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या.

मला ‘हसा बरं’ म्हणणारे ते हेच. त्यांचं नाव सांगत नाही. पेशंट त्यांना ‘सुईवाले सर’ म्हणायचे. शिकलेले फिजिओथेरपीचे, सुयांचा कोर्स नंतर केलेला. वय पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे माझ्याहून सहा वर्षांनी लहान. हे मी पहिल्याच दिवशी मोजलं. पोट नाही. केस भरपूर. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. कुणाशीही बोलला की समोरचं माणूस खुर्चीत जरा ताठ बसतं.

सुया केसाएवढ्या बारीक. कानापुढे एक, गालावर दोन, भुवईपाशी एक, आणि एक हाताच्या अंगठ्याजवळ.

“तोंडाला झालंय, मग हातात कशाला?” मी विचारलं.

“मला शिकवलं तसं लावतो, दादा. फरक पडतो का न्हाई ते वहिनी सांगतील. मी कोन सांगनारा?”

मग जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र यायचं. सुयांना बारीक चिमटे लावून त्यातून हलका करंट सोडायचा. पण कुणालाही तो द्यायच्या आधी ते तो स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचे. दिवसाला वीस पेशंट असले तर वीस वेळा. डोळे बारीक करायचे, ओठ मुडपायचे आणि म्हणायचे, “आधी मी. मग तुमी.”

पहिल्या दिवशी त्यांनी बटण जरासं फिरवलं आणि हिचा झोपलेला गाल टिक्‌ टिक्‌ उडायला लागला. अर्ध्या तोंडाने ही म्हणाली, “अगंबाई!” सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्यामुळे तिच्या गालाचं असं काही झाल्याचं मला आठवत नाही. मी आनंदानं बघत होतो. आनंदच होता तो. फक्त बघता बघता मी माझं सुटलेलं पोट आत ओढून घेतलं.

सुया झाल्या की शेक, मग बोटांनी मालिश, मग आरशासमोर व्यायाम. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला विचारलं, “वहिनी हसायच्या तवा कुठला कोपरा पयला वर जायचा?”

भरल्या ट्रॅक्टरमधला वीस किलोचा फरक मी बसल्या जागी सांगतो. म्हणालो, “दोन्ही एकदमच जात असतील.”

“कुनाचंच एकदम जात न्हाई, दादा. जुना फोटो आना एक. हसनारा.”

घरी सगळे अल्बम काढले. लग्नाच्या फोटोंत ही परीक्षेला बसल्यासारखी. शिर्डीला आम्ही दर वर्षी जातो, पण तिथल्या प्रत्येक फोटोत चेहऱ्यावर रांगेचा शीण. शेवटी एक सापडला. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या आहेत आणि ही मान मागे टाकून हसतेय. कडेला मी उभा आहे, घड्याळ बघत.

त्यांनी तो अर्धा मिनिट पाहिला. “उजवा आधी. डावा त्याच्या मागं पळत जातो,” म्हणाले. घरी इतकी वर्षं माझ्यासमोर असून मला न दिसलेली गोष्ट या गृहस्थाने अर्ध्या मिनिटात पाहिली. मग त्यांनी तो फोटो आरशाच्या चौकटीत खोचला. जागा पुरेना म्हणून एक कड मागे दुमडली. त्या कडेत मी होतो.

तिथून मी जळायला लागलो ते लागलोच. बायकोचं तोंड बरं व्हावं हे मला मनापासून हवं होतं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातून व्हावं, एखाद्या म्हाताऱ्या, खोकणाऱ्या माणसाच्या, एवढीच माझी इच्छा होती.

व्यायामाचा हिला कंटाळा यायचा. भुवई उचला, गाल फुगवा, ओठांचा चंबू करा. पाचव्या की सहाव्या खेपेला हिने त्यांना नकलांचं सांगितलं असावं. कारण त्या दिवशी आमच्या फ्रिजवर त्यांच्या अक्षरातला एक कागद लागला:

भुवई – सासूबाई १० वेळा
गाल – चेअरमन १० वेळा
ओठ – मिस्टर २० वेळा

“मिस्टर म्हणजे कोण?” मी विचारलं.

“व्यायाम आहे तो,” ही म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. आत नळ सोडला. नळाच्या आवाजात मला काही ऐकू येईना. दाराला कान लावून उभा होतो तेवढ्यात दूधवाला आला. “काय साहेब, पानी येत न्हाई का?” म्हणाला.

मिस्टर मी आहे हे कळत होतं. मी असं काय करतो, की ते ओठांना वीस वेळा उपयोगी पडावं? आणि ते मला न दाखवता त्या माणसाला दाखवावं?

पुढच्या खेपेला मी जाहीर केलं की माझीही कंबर दुखते.

सरांनी मला वाकवलं, पाय उचलायला लावला, दोन ठिकाणी दाबलं. “तुमाला काय झालं न्हाई. खुर्ची बदला.”

“नाही, फार दुखते. आतून.”

त्यांनी पडद्याआडची खाट दाखवली. मग म्हणाले, “बरं. पालथे पडा.”

अशा तऱ्हेने मी पडद्याच्या एका बाजूला पालथा, पाठीत आठ सुया, चिमटे लावलेले, कंबर टिकटिकतेय; शेजारच्या खाटेवर तो ट्रॅक्टरवाला, त्याच्या पायाला सुया; आणि पडद्यापलीकडे आरशासमोर ही आणि ते.

“सासूबाई झाल्या. चेअरमन झाले,” त्यांचा आवाज आला. “आता मिस्टर. हसा न्हाई म्हनत आज, नुसते मिस्टर करा.”

आणि मी माझा आवाज ऐकला. आधी एक लांब श्वास. मग थकलेल्या बैलाने सोडावा तसा ओठांतून “फुर्र...” आणि मग हुबेहूब माझं, नाकातलं, “घ्या पुढं.”

ट्रॅक्टरवाला खाटेवरून उठूनच बसणार होता. “आयला! काट्यावरचे साहेब!” मग त्याला आठवलं की काट्यावरचे साहेब शेजारीच पालथे आहेत. त्याने तोंडात उशी कोंबली.

पलीकडे सर हसत होते. मोकळं, लहान पोरासारखं. “आजून एकदा. डावा ओठ मागं राहिला.” पुन्हा “फुर्र... घ्या पुढं.” मला उठून पडदा सारायचा होता. पण पाठीत आठ सुया असताना माणसाला मत्सरसुद्धा पालथं पडूनच करावा लागतो. रागानं मी एक लांब श्वास घेतला, आणि देवाशपथ सांगतो, माझ्या नकळत माझ्याच तोंडून बाहेर पडलं: “फुर्र...”



मग ट्रॅक्टरवाल्याला राहवलं नाही. “वहिनी, ह्यो अस्सल हुता!”

आणि ही हसली. महिना-दीड महिना घरात न ऐकलेलं हसणं. एका बाजूने वारा गळत होता त्यातून, पण तेच ते. मी पालथा पडून ऐकत होतो. खूश होतो आणि त्या हसण्याकडे तोंड करून उभा असलेला माणूस मी नाही म्हणून जळतही होतो.

चौदाव्या की पंधराव्या खेपेला त्यांनी मला बाकावरून हाक मारली. “दादा, या. बघा.” आणि स्वतः बाजूला झाले. ही आरशात बघून हसली. उजवा कोपरा वर गेला. मग सावकाश, दम लागल्यासारखा, डावा निघाला.

“सुयांनी झालं का हे?” बाहेर येताना मी विचारलं. त्यांनी छाती फुगवावी आणि मला त्यांचा राग करायला सोपं जावं, अशी माझी फार इच्छा होती.

“सुयांनी, शेकानं, आधीच्या गोळ्यांनी, का आपोआप. मला ठावं न्हाई, दादा. नसा कुनाला सांगून उठत न्हाईत.” मग हळूच म्हणाले, “वहिनी लई हिकमती हायत. तुमाला ठावं असंलच.”

मला ठावं नव्हतं. मी म्हणालो, “हो हो.”

जूनमध्ये ते गेले. त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स, तिची बदली गडचिरोलीकडे झाली. “इथं एवढं बस्तान बसलंय तुमचं,” बाकावरचे सगळे म्हणाले. ते हसत म्हणाले, “सुया एका डब्यात मावतात. तिची बदली झाली की माझी बी होती.” मग तर मी आणखीनच जळलो. कारखान्याच्या नोकरीपायी मी हिला माहेरगावच्या बालवाडीतली नोकरी सोडायला लावली होती, तेव्हा हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं.

जाताना त्यांनी फोटो परत दिला. कड उलगडली आहे, पण घडी नेमकी आमच्या दोघांच्या मधून गेली आहे.

आता वरच्या खोल्यांना कुलूप आहे. बाक मात्र खाली दुकानापाशी आणून ठेवलाय. परवा तिथे ट्रॅक्टरवाला पाय लांब करून बसला होता. मी विचारलं, “दुखतोय का?” “न्हाई,” म्हणाला, “सवय.”

हिचा डावा डोळा अजून उजव्याच्या थोडा मागून मिटतो. बाकी चेहरा आला. गेल्या रविवारी कॉलनीतल्या बायका आमच्याकडे पापड लाटायला जमल्या होत्या. चहाला आत जाताना मी दारात थबकलो. ही मध्ये उभी होती. डोळे बारीक केले, ओठ मुडपले, डाव्या मनगटावर काहीतरी लावल्यासारखं केलं आणि म्हणाली, “आधी मी. मग तुमी.” हसून हसून एकीच्या हातचं लाटणं पडलं. हुबेहूब तेच होते. आमच्या स्वयंपाकघरात उभे.

बायका गेल्यावर मी पापड उचलू लागलो. मग धीर करून विचारलं, “त्यांची एवढी छान केलीस. माझी कधी करशील? माझ्यासमोर?”

“तुमची नाही करणार.”

“का? दवाखान्यात तर रोज वीस वेळा करत होतीस.”

“ते औषध होतं,” ही म्हणाली. माझ्या हातातला पापड काढून तिने सरळ पसरला. “एरवी नक्कल करतात ती निघून गेलेल्या माणसाची, आठवण आली म्हणून. तुमची करायची पाळी माझ्यावर आणू नका, सांगून ठेवते.”