पुंजण्यात घातलेली मोटार

४ डिसेंबर १९६०. सकाळपासून शेतात पुंजणे रचून घेते आहे. कापलेल्या धानाच्या भाऱ्यांच्या या ढिगाचा वास आला की बारा वर्षांपूर्वीचा, आमच्या धानाच्या मुलखातल्या प्रतापगडाजवळचा उतार आठवतो.

दीर रामभाऊ मोटार चालवत होते. मी तान्ह्या मुलीला घेऊन मागे बसले होते. उतारावर त्यांनी ब्रेक दाबला, तर पाय सरळ तळाला गेला. समोर बायकापोरांनी भरलेल्या बाजाराच्या बैलबंड्या चालल्या होत्या. भाऊजींनी लहान गिअर टाकला आणि हातब्रेक ओढून धरला. वेग उतरला, पण मोटार थांबेना. डावीकडे रस्त्याला लागूनच पुंजणे होते.

"भाऊजी, त्या पुंजण्यात घाला."

"लक्ष्मी आहे, वहिनी. पायात जोडे घालून कसा जाऊ?"

"मग काढा ना. कायले थांबून राहिले?"

त्यांनी खरोखरच जोडे झटकले आणि मोटार भाऱ्यांत घातली. काचेवर धान सांडले, इंजिन बंद पडले. मुलगी जागीसुद्धा झाली नाही.

शेतवाली म्हातारी धावत आली. तिने आधी भाऊजींचे पाय पाहिले.

"पुंजणं मोडलं त मोडलं. जोडे घालून त नाही ना आला?"

तेव्हा मला दोघांचाही राग आला होता. आता माझ्या पुंजण्यावर कोणी चपला घालून चढले, तर मीच ओरडते.

त्या वेळी, मोटार घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी म्हातारीच्या शेतात गेले, चपला बांधावर काढल्या आणि मोडलेले पुंजणे पुन्हा रचून होईपर्यंत तिला भारे उचलून देत राहिले.