पिवळा फ्रॉक

माझ्या आईचे तिन्ही भाऊ तान्हेपणीच गेले. बहिणी मात्र सगळ्या धडधाकट. आमच्या जोहे गावात लोक म्हणायचे, त्या घरात काहीतरी आहे आणि त्याला पोरगे ओळखू येतात. म्हणून दुसऱ्या मामापासून मुलाचं नाक टोचून त्याला पिवळा फ्रॉक घालायला लागले. फ्रॉक एकच, दोघांचा.

मला मुलगा झाला तेव्हा आईने तो ट्रंकेतून काढला. "पोरगा हाय असं कुनाला कलू देऊ नको गो." मी तिच्यावर खेकसले. सहा महिने बाळ ठणठणीत होतं. मग कान वाहू लागले, तोंड आलं, दोनदा न्यूमोनिया झाला. माझं शहाणपण गळालं आणि मी स्वतःच त्याला फ्रॉक घातला. मी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. डोळे न आखलेल्या पांढऱ्या मूर्तींमध्ये त्याची झोळी असे. भर दुपारी वाटायचं, सगळ्या तिकडेच तोंड करून बसल्यात. पाठ फिरवायची भीती वाटे.

मुंबईच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून पहिलंच विचारलं, "तुमच्या आईच्या माहेरी मुलगे लहानपणी गेलेत का?" मी काही सांगितलं नव्हतं.

ते म्हणाले, रोगाशी लढायला शरीर आधी एका कच्च्या जातीची प्रतिद्रव्यं बनवतं, मग पेशी जात बदलून पक्की बनवतात. 'जात बदला' असं सांगणारी पेशीच याच्यात मुकी आहे. आईकडून पोटात मिळालेली पक्की प्रतिद्रव्यं काही महिने पुरतात, बस. दोष आईकडून येतो, मुली तो नुसता पुढे नेतात, भोगतात मुलगे.

म्हणजे दाराला लिंबू-मिरची बांधत होते मी, आणि ते माझ्याच रक्तात बसलेलं. ज्याच्यापासून लेकराला लपवलं, त्याच्याच मांडीवर त्याला निजवत होते. त्या दिवशी मला माझ्या हातांची किळस आली.

दर महिन्याला परक्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं सलाइनमधून घेऊन मुलगा जगला. आज तो कंपनीत शिफ्ट करतो.

धाकटी लेक रोह्याला दिली आहे. "मला काय झालंय?" म्हणत तिने स्वतःची तपासणी टाळली. काल तिला मुलगा झाला. फोनवर त्याचं रडणं ऐकलं, चांगलं खणखणीत. जावई खुशीत म्हणाले, "बाळ एकदम ठणठणीत हाय."

सुरुवातीला ठणठणीतच असतात. रक्त तपासायला पाठवा म्हणून मी त्यांच्यामागे लागले आहे. आणि सकाळपासून ट्रंक उघडून बसले आहे. फ्रॉक मी कधी जाळलाच नव्हता.